लोटनआबा आणि बोरवाड्याची सडक

चालता चालता लोटनआबा मध्येच थांबत, हातातली आखूड पहार वीतभर उचलून जमिनीवर सोडून देत आणि मान तिरकी करून ऐकत. काळ्या मातीत पहार पडली की ‘ढप’ असा आवाज येई. मुरमात पडली तर ‘खस्स’. खाली बसवलेला दगड असला तर ‘टण्’ आवाज येऊन पहार हातातल्या हातात थरथरे. ऐकून झाले की ते आमच्याकडे वळून निकाल देत, ‘‘चला पुढे, आठे काही नही.’’ किंवा मग डोळे बारीक करून, घरात कुणी निजलेले असावे तशा हळू आवाजात म्हणत, ‘‘आयका सर, सडक बोलस.’’

त्यांची माझी पहिली भेट माझ्या फजितीने झाली. अमळनेरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायला लागून दोन वर्षे झाली होती. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आमचे घर यावलकडचे. वडील दुसऱ्याच्या केळीच्या बागेत घड कापायला जात. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे कागदावर छापलेले किंवा आखलेले काहीही मला देवाच्या तसबिरीसारखे वाटे. त्या दिवशी माझ्या हातात असाच एक नकाशा होता. शहराच्या उत्तरेला, तापीच्या वाटेवर, एका शेतातल्या उंचवट्यावर मी उभा होतो आणि बरोबर आलेल्या इस्माईलभाईंना मोठ्या आवाजात सांगत होतो, ‘‘हाच तो. शेठच्या मोटारसडकेचा भराव. बघा, कसा सरळ उतरत गेला आहे!’’

बांधावरच्या लिंबाखाली एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. डोक्यावर टोपी, अंगात खाकी शर्ट, त्याच्या कोपरांना ठिगळे. तो उठून आला. माझ्या पायांखालचा उंचवटा त्याने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि त्या टोकाला असलेल्या बुजलेल्या विहिरीकडे बोट केले.

‘‘सर, ही मोटनी धाव शे. मोटारनी नही.’’

मोट ओढताना बैल ज्या उतारावरून पळतात ती धाव. खेड्यात जन्मलेल्या माणसाला ती ओळखू येऊ नये! इस्माईलभाई इतके हसले की त्यांना बांधावर बसावे लागले. पुढे कितीतरी वर्षे ते मला भेटले की विचारत, ‘‘क्या सर, आज मोट का मोटार?’’

तो म्हातारा म्हणजे लोटनआबा. बांधकाम खात्यातले निवृत्त मुकादम. अमळनेर ते धुळे या रस्त्यावर त्यांनी उभी हयात काढली. खडी पसरणे, मुरूम टाकणे, पावसाळ्याआधी चाऱ्या उघडणे आणि पावसाळ्यानंतर खड्डे बुजवणे, ही कामे करणाऱ्या पंधरा-वीस माणसांच्या टोळीचे ते प्रमुख होते. शिक्षण दुसरीपर्यंत. सही करत, आकडे वाचत, मजकूर मात्र दुसऱ्याकडून वाचून घेत. माझ्याशी ते साहेबांशी बोलायच्या मराठीत सुरुवात करत आणि तिसऱ्या वाक्याला अहिराणीवर येत. तिसऱ्या वाक्यानंतर जे येई तेच खरे ऐकण्यासारखे असे.

आयुष्यभर त्यांनी रस्ता सोडून दुसरे काही पाहिलेच नसावे अशी त्यांची भाषा होती. रस्त्याचा मध्य थोडा उंच ठेवतात, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जाते. त्याला साहेब लोक जे म्हणत त्याचे आबांनी ‘क्यांबर’ केले होते. गावात कुणी दारू पिऊन चालला की ते म्हणत, ‘‘त्याना क्यांबर बिघडना.’’ डांबराच्या कडेची मातीची पट्टी म्हणजे बरम. आबा नेहमी त्या बरमेवरूनच चालत. रस्ता रिकामा असो, जुना असो, शंभर वर्षांत त्यावरून काही गेलेले नसो. मी एकदा म्हणालो, ‘‘आबा, मधून चाला ना, इथे कोण येणार आहे?’’ ते म्हणाले, ‘‘मधली जागा गाडीनी. आपली बरम. ज्यानं त्यानं आपली जागा सोडानी नही.’’ मी घराला ओटा बांधला तेव्हा ते पाहायला आले. सगळ्यांनी ‘छान झाला’ म्हटले. आबांनी एक तांब्या पाणी मागितले, ओट्याच्या मधोमध ओतले आणि ते कुठे जाते ते पाहत उकिडवे बसले. पाणी दाराकडे वळले. गवंड्याला त्यांनी तिथल्या तिथे विचारले, ‘‘भाऊ, पाऊस पाहुणा म्हणून घरात घ्यायचा आहे का?’’ गवंड्याने ओटा उकरला.

आता त्या सडकेविषयी. आमच्या भागात कापसाचे मोठे दिवस होते तेव्हा जिनिंग-प्रेसच्या एका शेठने तापीकाठी एक बागबंगला बांधला. खिडक्यांना रंगीत काचा होत्या म्हणून लोक त्याला काचबंगला म्हणत. शेठने मोटार घेतली. या बाजूला दिसलेली ती पहिलीच मोटार असे सगळे म्हणत. पण पावसाळा सरला तरी काळ्या मातीत मोटार बैलांनी ओढून काढावी लागे. म्हणून त्याने स्टेशनपासून काचबंगल्यापर्यंत स्वतःची मोटारसडक करवून घेतली. पुढे शेठ गेला, कापसाचे भाव गेले, बंगल्याच्या काचा आणि सागवान गेले, आणि सडक शेतांखाली गेली. इस्माईलभाईंचे वडील त्या मोटारीवर क्लीनर होते. इस्माईलभाई स्टँडजवळ रेडिएटर दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात चहा पिता पिता या सडकेचा विषय निघाला आणि आम्ही दर रविवारी तिला शोधायला निघू लागलो. इस्माईलभाईंनी आमचे नाव ठेवले होते ‘दगडधोंडे मंडळ’. आबा आले आणि मंडळाला खरा कारभारी मिळाला.

किती रविवार गेले! काचबंगल्याचे जोते आणि बारा पायऱ्यांचा, वर गेल्यावर कुठल्याच दरवाजाला न मिळणारा दगडी जिना आम्ही पाहिला. मोटारखाना अजून उभा होता. आतल्या फरशीत माणूस उभा राहील एवढा लांबट खड्डा होता आणि त्यात एका बाईने शेळीची पिल्ले कोंडली होती. मी म्हणालो, हौद असेल. इस्माईलभाई त्या खड्ड्यात उतरले, वर पाहून हात उंच केले आणि नट पिळल्यासारखे मनगट फिरवले. त्यांचे वडील इथे उभे राहून मोटारीच्या पोटाखाली काम करत असणार. पिल्ले त्यांच्या पायजम्याला ढुशा देत होती. वर आले तेव्हा डोळे पुसत म्हणाले, ‘‘धूल बहुत है.’’

मैलाचा एक दगड आम्हाला एका घराच्या मोरीत सापडला. त्यावर धुणे आपटत. आकडा खालच्या बाजूला होता. मला तो शाळेत नेऊन ठेवायचा होता. घरची म्हातारी म्हणाली, ‘‘मनी सासूनी सासूनी यावर धुणं धुयेल शे, तुमी कोन?’’ मी आबांकडे आशेने पाहिले. आबा म्हणाले, ‘‘राहू द्या सर. दगड कामाला लागेल शे. त्याले रिटायर करू नका.’’ मी आकड्याचा कागदावर ठसा घेतला, तोही म्हातारीने धुणे संपवल्यावर.

नकाशा मला मिळाला होता शेठच्या नातवाकडून. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते धुळ्याला राहत आणि वकिली करत. जुन्या श्रीमंतीचा त्यांना अभिमान होता, पण तोरा नव्हता. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर आजोबांच्या काळचा, कापडावर चिकटवलेला, शाईने रेखलेला नकाशा होता. त्यांनी मला त्याची नक्कल काढू दिली. स्टेशनकडून निघालेली लाल रेघ कोंढरे नावाच्या गावातून जाऊन काचबंगल्याला मिळत होती. दोन्ही टोकांकडची सडक आम्ही जमिनीवर शोधली होती. मधला दीड-दोन मैलांचा तुकडा तेवढा सापडत नव्हता. कोंढऱ्याचे वयोवृद्ध उत्तमनाना यांनाही मी विचारले. ते छाती पुढे काढून म्हणाले, ‘‘आमची सडक! आमच्या गावाशिवाय झालीच नसती!’’ मला आणखी काय हवे होते? मी लेख लिहिला. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तो नकाशासकट आला. वडिलांना वाचता येत नव्हते. त्यांनी ते पान घडी करून केळीच्या बागेच्या मालकाला नेऊन दाखवले. आमच्या शाळेने आणि गावातल्या काही मंडळींनी ठरवले की याची एक छोटी पुस्तिका काढू. धुळ्याच्या छापखान्यात नकाशाचा ब्लॉकही, म्हणजे छपाईचा ठसा, करायला टाकला.

लेख मी आबांनाही मोठ्या हौसेने वाचून दाखवला. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत.

‘‘तबियत बरी नाही का त्यांची?’’ मी इस्माईलभाईंना विचारले.

ते टाकी डागत होते. वर न पाहता म्हणाले, ‘‘सर, तुम्ही त्यांचं गाव पेपरमधून उडवलं, वर त्यांनाच पेपर वाचून दाखवला. तबियत कशी राहील?’’

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितले. आबांचे गाव बोरवाडे. आताचे नाही, जुने. तापीच्या एका पुरात जुने बोरवाडे बुडाले आणि पूर ओसरल्यावर गाव तिथून उठून वरच्या अंगाला नव्याने वसले. जुन्या गावठाणावर आज नांगर फिरतो. आबा पहिल्यापासून म्हणत होते की मधली सडक बोरवाड्यावरून गेली आहे, कोंढऱ्यावरून नाही. एकदा मलाही म्हणाले होते. मी नकाशा दाखवून म्हणालो होतो, ‘‘आबा, इथे स्पष्ट आहे ना.’’

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते. ‘या’ म्हणाले, पाणी दिले. मीच विषय काढला तेव्हा त्यांनी साहेबांची मराठी सोडून दिली.

‘‘सर, तुमी शिकेल शेतस. तुमना कागद खोटा शे असं मी कसं म्हनू? पन कागद सावलीमा बशीसन व्हस. सडक उनमा व्हस. मनी माय त्या सडकवर व्हती.’’

त्यांची आई आणि बोरवाड्यातल्या पंधरा-सोळा बायकांनी त्या तुकड्यासाठी खडी फोडली होती. खडी एका मापाची लागे. शेठचा माणूस लोखंडी कडे घेऊन बसे आणि खडा त्यातून पार गेला नाही तर टोपली परत फोडायला लावी. बायकांनी मग आपल्या हातातल्या बांगड्यांचेच माप केले. ज्या बाईच्या हातातला गोट त्या कड्याएवढा होता तिला मधोमध बसवत आणि ती प्रत्येक खडा गोटातून सोडून पाही. आबांची आई ती मधली बाई. खडी पसरली की त्याच बायका धुम्मस घेऊन, गाणे म्हणत, मुरूम ठोकत. रस्ता दाबणारा इंजिनाचा रूळ इकडे तेव्हा कुणी पाहिलाच नव्हता. आणि मी लेखात लिहिले होते, ‘विलायती यंत्रसामग्रीच्या साहाय्याने’. ते मी कुठेही वाचले नव्हते. एवढी मोठी सडक म्हणजे यंत्र असणारच, असे मला वाटले होते.

‘‘गाव उठी गयं,’’ आबा म्हणाले. ‘‘घरे गयात. मायनं नाव कोठे लिखेल नही. एक सडक व्हती, ती बी तुमी कोंढराले दिधी. आते आमनं गाव व्हतं का नही, हाई कोनले दखाडानं?’’

मी म्हणालो, ‘‘आबा, पुस्तिका छापायची आहे अजून. तुम्ही मला सडक दाखवा, मी रेघ बदलतो.’’

‘‘आन् नही दखाडता उनी तर?’’

‘‘तर मी तिथे रेघच काढणार नाही. मधली जागा कोरी ठेवीन.’’

त्यांनी कोपऱ्यातली पहार घेतली आणि तिचे टोक अंगठ्याने चाचपले. छापखान्याला काम सुरू करायला तीन आठवडे होते.

पहिले दोन रविवार वाया गेले. जुन्या गावठाणाच्या आसपास ती काळी माती हातभर खोल, पुराच्या गाळाने आणखी जाड झालेली. पहार जिथे टाकावी तिथे ‘ढप’. आबांचा हात सुजला. मी पहार मागितली तर म्हणाले, ‘‘तुमले आवाज कळाव नही.’’ खरे होते ते.

तिसऱ्या रविवारी भाऊसाहेबही धुळ्याहून आले. मीच त्यांना कळवले होते, कारण त्यांच्या नकाशाविरुद्ध जायचे तर त्यांच्या डोळ्यांदेखत जावे असे मला वाटले. पांढरेशुभ्र धोतर सांभाळत ते ढेकळांतून चालत होते. दुपारच्या भाकरीला आम्ही एका शेतात बसलो. शेतमालक तरुण होता. बोलता बोलता म्हणाला, ‘‘ह्या वावरचं नाव भोंगावावर.’’

मी लगेच वही काढली. ‘‘अमळनेरच्या मिलचा भोंगा इथे ऐकू येत असेल, म्हणून ना?’’

‘‘आसंच म्हनतस,’’ तो म्हणाला.

आबा भाकरीचा घास हातात धरून थांबले. ‘‘मिलना भोंगा? आठे? सर, वारा कोठून येस ते तरी देखा. मना जनम आठेना, आठे कदी मिलना भोंगा आयका नही.’’

आणि मग इस्माईलभाई एकदम ताठ बसले. ‘‘रुको, रुको. अब्बा सांगायचे. बोरवाड्याच्या वळणावर ड्रायव्हर भोंगा वाजवायचा. रबरी फुग्याचा भोंगा. म्हणजे रस्त्यावरच्या बायका टोपल्या घेऊन बाजूला व्हायच्या, बैल धरून ठेवायचे. अब्बा आम्हाला तो आवाज काढून दाखवायचे.’’ त्यांनी तिथे, दुपारच्या उन्हात, दोन्ही गाल फुगवून तो आवाज काढला. शेतमालकाचे बैल खरोखरच दचकले.

कुणीच भाकरी संपवली नाही. आबा उठले. वळण कुठे असेल ते त्यांनी डोळ्यांनीच ठरवले. नाल्याची वाट आणि जुन्या गावठाणाचा उंचवटा पाहून ते पुटपुटले, ‘‘गाडी अशी येई, अशी वळे.’’ मग बांधाच्या आत वीस पावले चालून त्यांनी पहार टाकली. ढप. दोन पावले पुढे. ढप. आणखी एक पाऊल.

टण्.

ते हलले नाहीत. पुन्हा टाकली. टण्. डावीकडे तीन हात, टण्. उजवीकडे, टण्. त्याच्या पलीकडे, ढप. आबा माझ्याकडे वळले, पण ‘सडक बोलस’ म्हणाले नाहीत. पहारच माझ्या हातात दिली.

शेतमालकाने आनंदाने कुदळ दिली. वीतभर खाली दगड लागले, एकमेकांना खेटून उभे लावलेले, त्यांच्यावर खडीचा थर आणि त्यावर मुरूम. मध्य कडेपेक्षा चार बोटे उंच होता. क्यांबर! इतक्या वर्षांच्या नांगरांनी आणि पुराने तो मोडला नव्हता. आबांनी खडीचा एक खडा उचलला, अंगठा आणि तर्जनीचे कडे केले आणि तो त्यातून खाली सोडला. दुसरा सोडला. तिसरा. असे किती सोडले कोण जाणे. एकही अडकला नाही. मग भाऊसाहेब धोतराचा विचार न करता खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, ‘‘आबा, मलाही दाखवा, कसं पाहतात ते.’’

आम्ही तो पट्टा संध्याकाळपर्यंत ठोकत गेलो. भोंगावावरातून जुन्या गावठाणाच्या कडेने तो थेट आम्हाला माहीत असलेल्या पुढच्या तुकड्याला जाऊन मिळाला. भाऊसाहेब धुळ्याला परतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा माणूस चिठ्ठी घेऊन शाळेत आला. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून भिंगाखाली धरला होता. खालच्या कोपऱ्यात, चौकटीच्या नक्षीत मिसळून गेलेल्या बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘योजलेली सडक’. कोंढऱ्याच्या जमीनदाराने जमीन दिली नसावी, म्हणून ती बोरवाड्याकडून वळवली असावी, असा त्यांचा तर्क होता. चिठ्ठीच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, ‘हा नकाशा मी लहानपणापासून रोज पाहत आलो. कोपरा मीही कधी वाचला नाही. आपण एकटे चुकलात असे मानू नये.’ माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या मोजक्या मोठ्या माणसांच्या पत्रांत ते एक आहे.

जुना ब्लॉक बाद झाला. नवा केला. मी मजकूर पुन्हा लिहिला. यंत्रसामग्री काढली, बायका आणल्या. नव्या बोरवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून आबांनी अकरा नावे मिळवून दिली. बाकीची मिळाली नाहीत, तेही मी लिहिले. प्रुफे हातात आली तेव्हा आबा धुळ्यालाच, देवपुरात, लेकीकडे होते. छातीत पाणी झाले होते आणि मोठ्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. मी छापखान्यातून ओली प्रुफे घेऊन थेट तिकडे गेलो.

ते भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते, पण मला पाहून लेकीला म्हणाले, ‘‘सरले खुर्ची दे. बठ्ठा कागद आनेल शेतस त्यासनी.’’ मी वाचायला सुरुवात केली. आईचे नाव आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि लेकीला हाक मारली. ‘‘ये, आयक. तुनी आजीनं नाव छापामा उनं.’’ मी ते वाक्य पुन्हा वाचले. तिने पदर डोक्यावर घेऊन ऐकले. नकाशा त्यांनी डोळ्यांजवळ नेला, बोटाने रेघ धरून स्टेशनपासून तापीपर्यंत नेली, बोरवाड्यापाशी बोट थोडे जास्त थांबले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटले, माझे काम झाले. मी कागद आवरू लागलो.

‘‘आन् कोंढरं?’’ त्यांनी विचारले.

‘‘कोंढरं काढून टाकलं, आबा. एकही उल्लेख ठेवला नाही.’’

ते भिंत सोडून सरळ झाले. ‘‘काढी टाकं? काबर?’’

‘‘सडक तिथून गेलीच नाही ना.’’

‘‘सडक नही गई. पन पानी कोठून उनं?’’ त्यांना खोकला आला. लेक धावली, तिला त्यांनी हातानेच मागे सारले. ‘‘पानीबिगर मुरूम बसस का सर? बोरवाडानी विहीर खारी आन् उथळ. कोंढराना लोके रेड्यासवर पखाली भरीसन आनेत. माय सांगे, कोंढरानी पखाल येस नही तोपर्यंत धुम्मस उचलानी नही. त्यासनी जमीन नही दिधी, पन पानी दिधं.’’

मला उत्तमनानांची पुढे काढलेली छाती आठवली. ‘आमच्या गावाशिवाय झालीच नसती.’ तो म्हातारा खोटे बोलत नव्हता.

‘‘आबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?’’

ते खाली पाहू लागले. त्यांनी कधी कुणासमोर मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. ‘‘तवय माले राग येल व्हता,’’ ते म्हणाले. ‘‘त्यासनं नाव छापी येल व्हतं, आमनं नव्हतं. म्हनीसन मी पानी सांगं नही. तुमना नकाशाना कोपरा तुमी वाचा नही. माले मना कोपरा ठाऊक व्हता, तरी दाबी ठेवा. आते लिखा.’’

‘‘आबा, पानं जुळवून झाली आहेत. छापखानेवाला...’’

‘‘खिळा उपटतीन आन् परत बसाडतीन. सडक उकरता येस, तर पान काय शे? लिखा सर. मी सांगस.’’

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांच्या अहिराणीतल्या दोन वाक्यांचे मी प्रमाण मराठीत एक वाक्य केले आणि वाचून दाखवले. त्यांनी ते तीनदा वाचायला लावले, जसे ओट्यावर पाणी ओतून पाहिले होते तसे. मग म्हणाले, ‘‘हां. आते पानी बरोबर जास.’’

छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याने मला बरेच ऐकवले, पण पान मोडून ते वाक्य बसवले. पुस्तिका निघाली तेव्हा आबा नव्हते. पंधरा दिवस आधीच ते गेले. त्यांची लेक शाळेत आली आणि अकरा प्रती मागून घेऊन गेली, ज्या बायकांची नावे होती त्यांच्या घरी देण्यासाठी. उत्तमनाना कोंढऱ्याहून आले आणि त्यांनी ते पान माझ्याकडून वाचून घेतले. मी वाचल्यावर त्यांनी विचारले, ‘‘हे लोटननं सांगितलं?’’ मी हो म्हणालो. ‘‘बोरवाड्याच्या माणसानं?’’ मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यानंतर मी बरेच काही लिहिले. माझ्या नावावर चार पुस्तके आहेत आणि नव्या शिक्षकांना मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, नकाशाचा कोपरा आधी वाचा. पण लोटनआबांनी शिकवले ते त्याहून अवघड आहे, आणि ते मला अजून प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. ती जुनी पुस्तिका कुणी मागितली की मी नवव्या पानावर बोट ठेवून देतो. त्या पानावर माझ्या लिहिण्यात जे काही बरे आहे त्यातले सर्वांत चांगले वाक्य आहे, आणि ते माझे नाही: ‘ही सडक बोरवाड्याच्या बायांनी रचली, आणि कोंढऱ्याच्या पाण्याने ती बसली.’